हरलेल्या संघाच्या खेळाडूला फायनल्स एमव्हीपी: वेस्टला १९६९मध्ये मिळाला, मग लेब्रॉनला २०१५मध्ये का नाही?

तिसरा_क्वार्टर

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या फायनल्सचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) पुरस्कार १९६९ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला गेला. लेकर्स बोस्टनकडून ४-३ हरले होते. त्यानंतर हरलेल्या बाजूच्या एकाही खेळाडूच्या हाती हा पुरस्कार पडलेला नाही.

अगदी जवळ आलेलं उदाहरण म्हणजे २०१५. क्लीव्हलँड गोल्डन स्टेटकडून ४-२ हरलं, पण लेब्रॉन जेम्सची मालिकेतली सरासरी होती ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), ८.८ असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास). गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन्ही संघ मिळून पहिला असणारा फायनल्सच्या इतिहासातला तो पहिलाच. त्याचा सहकारी केव्हिन लव्ह पहिल्या फेरीत खांदा दुखावून बाहेर, कायरी अर्व्हिंग फायनल्सच्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याची वाटी मोडून बाहेर. तरी पुरस्कार गोल्डन स्टेटच्या आंद्रे इग्वोडालाला, आणि त्याची सरासरी १६.३ गुण.

माझे प्रश्न तीन. हरलेल्या संघाच्या खेळाडूला मत देऊ नये असा काही नियम आहे का? वेस्टकडे असं काय होतं जे लेब्रॉनकडे नव्हतं? आणि अशी तुलना करताना नेमके कोणते आकडे बघायचे?

लेब्रॉन थोर की जॉर्डन थोर हा वाद कृपया इथे आणू नका, त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत.

---

बॉक्सस्कोअर_वाचक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: असा नियम नाही. मतदारांना मालिकेतला सर्वात मोलाचा खेळाडू निवडायचा असतो, तो कोणत्या बाजूचा हवा याची अट नाही.

खरी मेख मतपत्रिकेत आहे. २०१५मध्ये माध्यमांतले ११ मतदार होते आणि प्रत्येकाने फक्त एकच नाव द्यायचं होतं. दुसरी, तिसरी पसंती नाही. मोसमाच्या एमव्हीपीला पाच पसंतीक्रम असतात आणि त्यांना १०-७-५-३-१ असे गुण मिळतात, इथे तसलं काही नाही. निकाल लागला इग्वोडाला ७, लेब्रॉन ४, गोल्डन स्टेटचाच स्टेफ करी शून्य. सामन्यामागे २६ गुण करणाऱ्या, त्या मोसमाचा एमव्हीपी असलेल्या करीला एकही मत नाही!

आता गंमत बघा. लेब्रॉनची चार मतं आहेत तशी धरली तर उरतात सात. तो एकटा पुढे निघायला या सातांतली कुणाच्याही वाट्याला तीनपेक्षा जास्त जाता कामा नयेत. इग्वोडाला आणि करी या दोघांतच सात मतं वाटली तर एकाला किमान चार मिळणारच, म्हणजे बरोबरी तरी होणारच. सातांची फूट किमान तिघांत व्हायला हवी होती, उदाहरणार्थ इग्वोडाला ३, करी ३, ड्रेमंड ग्रीन १. हरलेल्या संघाच्या ताऱ्याला जिंकायचं असेल तर त्याच्या खेळाइतकंच समोरच्यांचं श्रेय किती तुकड्यांत विभागलं जातं यावर सगळं अवलंबून असतं.

आणखी एक. मत शेवटच्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत द्यावं लागतं, कारण शिट्टी वाजल्यावर थोड्याच वेळात मैदानावर ट्रॉफी द्यायची असते. त्या वेळी मतदाराच्या डोळ्यांसमोर असतो तो जिंकणारा संघ. सहाव्या सामन्यात इग्वोडालाने २५ गुण केले. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता आकडे बघून मतदान झालं असतं तर एखाददुसरं मत हललं असतं, असं मला वाटतं.

---

इंगलवूडचे_फुगे

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वेस्टला पुरस्कार मिळाला तो सहानुभूतीपोटी किंवा "पहिलंच वर्ष होतं, कुणाला काही कळत नव्हतं" म्हणून, असं सर्रास लिहिलं जातं. सामन्यागणिक आकडे मांडले की तो समज टिकत नाही.

वेस्टचे गुण: ५३, ४१, २४, ४०, ३९, २६, ४२. बेरीज २६५, सरासरी ३७.९. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती, म्हणजे हे सगळं दोन-दोन आणि फ्री थ्रोवर (फाउलनंतर मिळणारे एका-एका गुणाचे मोकळे शॉट). पाचव्या सामन्यात त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. सहाव्यातले २६ त्याच पायावर, आणि सातव्यातलं ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्टचं ट्रिपल-डबलही (तिन्हींत दहा किंवा जास्त) त्याच पायावर.

आता निकाल क्रमाने, लेकर्सचे गुण आधी: १२०-११८, ११८-११२, १०५-१११, ८८-८९, ११७-१०४, ९०-९९, १०६-१०८. सातही सामन्यांची बेरीज करा. लेकर्स ७४४, सेल्टिक्स ७४१. मालिका हरलेल्या संघाने एकूण तीन गुण जास्त केलेत! चौथा सामना सॅम जोन्सने तोल जाता जाता शेवटच्या क्षणी मारलेल्या शॉटवर एका गुणाने गेला. सातवा दोन गुणांनी गेला, त्यात डॉन नेल्सनचा तो प्रसिद्ध शॉट: चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून सरळ वर उडाला आणि पुन्हा जाळीतच पडला. यातलं एकही वेस्टच्या खात्यावर टाकता येत नाही.

सातव्या सामन्यात लेकर्स चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला १७ गुणांनी मागे होते, तिथून ते वर आले. विल्ट चेंबरलेन पाच-सहा मिनिटं बाकी असताना गुडघा दुखावून बाहेर बसला. नंतर त्याने परत जाण्याची तयारी दाखवली, तर प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फने त्याला आत पाठवलंच नाही. हा निर्णय लेकर्सच्या इतिहासात आजही चघळला जातो.

समोरची बाजू बघा. सेल्टिक्स त्या मोसमात पूर्व विभागात चौथे आलेले, ४८ विजय; लेकर्सचे ५५. बिल रसेल ३५ वर्षांचा, खेळाडूही तोच आणि प्रशिक्षकही तोच, सामन्यामागे दहाच्या आत गुण पण वीसहून जास्त रिबाउंड. जॉन हॅवलिचेक गुणांत संघात पहिला, २८च्या आसपास. चौथा सामना जोन्सचा, सातव्यातला निर्णायक शॉट नेल्सनचा. एका नावावर बोट ठेवा म्हटलं तर ठेवता येत नव्हतं. बॉक्सस्कोअर_वाचक यांनी सांगितलेली फूट इथे आपोआप झाली होती.

मालक जॅक केंट कूकने विजयाच्या जल्लोषासाठी लेकर्सच्या फोरम या मैदानाच्या छताला फुगे टांगून ठेवले होते. ते तसेच टांगलेले राहिले. वेस्टला 'स्पोर्ट' मासिकातर्फे बक्षीस म्हणून डॉज चार्जर गाडी मिळाली, आणि तिचा रंग होता हिरवा. बोस्टनचा रंग! जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

---

ट्रू_शूटिंग

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांचा तक्ता) समोर असेल तर पंधरा मिनिटांत होणारं काम आहे.

आधी सरासरी गुण बाजूला ठेवा आणि ते करायला किती संधी खर्च झाल्या ते काढा. सूत्र असं: मैदानी प्रयत्नांत (खेळ चालू असताना मारलेल्या शॉटांत) फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट मिळवायची, येईल त्याची दुप्पट करायची, आणि एकूण गुणांना त्या संख्येने भागायचं. ०.४४ अशासाठी की प्रत्येक फ्री थ्रोमागे अख्खं पझेशन (चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी) जात नाही. बास्केट होऊन वर मिळालेला एक, तांत्रिक फाउलचा एक, तीनाच्या शॉटवरचे तीन असे प्रकार असतात.

लेब्रॉन २०१५: एकूण गुण २१५, मैदानी प्रयत्न १९६ पैकी ७८ आत, फ्री थ्रोचे प्रयत्न ६७.
६७ × ०.४४ = २९.५
१९६ + २९.५ = २२५.५, दुप्पट ४५१
२१५ ÷ ४५१ = ४७.७ टक्के

त्या मोसमात लीगची सरासरी ५३ टक्क्यांच्या आसपास होती आणि लेब्रॉनची स्वतःची ५७च्या पुढे. म्हणजे गुण डोंगराएवढे, पण प्रत्येक संधीमागचा हिशेब लीगच्या सर्वसाधारण खेळाडूपेक्षा कमी. गुण, रिबाउंड, असिस्ट या तिन्हींत पहिला असण्यामागचं एक कारण हेच की चेंडू सतत त्याच्याकडे होता आणि तो सामन्यामागे जवळपास ४६ मिनिटं मैदानावर होता.

इथे लोक दोन चुका करतात. एक, अतिरिक्त वेळ विसरतात. २०१५चे पहिले दोन्ही सामने अतिरिक्त वेळेत गेले. त्यात त्याचे ४४ आणि ३९ गुण आहेत, आणि दुसऱ्या सामन्यात तर तो ५० मिनिटं खेळला. सरासरी काढताना हे सामने ४८ मिनिटांचे नव्हते हे लक्षात ठेवायला हवं. दुसरी चूक उलट्या बाजूची: ४७.७ हा आकडा बघून "वाईट खेळला" असा शिक्का मारायचा. अर्व्हिंग आणि लव्ह नसताना चोवीस सेकंदांच्या घड्याळावर चार सेकंद उरले की चेंडू कुणाच्या हाती येणार? त्याच्याच. असे शॉट कुणीही मारले तरी टक्केवारी पडते. क्लीव्हलँड मुद्दाम संथ खेळत होतं, जेणेकरून पझेशन कमी होतील आणि कमकुवत संघाला निसटता विजय मिळण्याची शक्यता वाढेल. तीन सामन्यांपर्यंत ते जमलंही, २-१ अशी आघाडी होती.

म्हणून दुसरी पायरी: मालिकेतल्या गुणफरकाची बेरीज, जी १९६९साठी वर झालीच आहे. २०१५चे निकाल, गोल्डन स्टेटचे गुण आधी: १०८-१००, ९३-९५, ९१-९६, १०३-८२, १०४-९१, १०५-९७. फरक +८, -२, -५, +२१, +१३, +८. एकूण +४३.

वेस्टचा संघ हरूनही तीनने पुढे होता, लेब्रॉनचा संघ ४३ने मागे. दोघांची नावं एका दमात घेणाऱ्यांनी आधी ही बेरीज करावी.

---

तिसरा_क्वार्टर

बेरीज पटली. पण ट्रू_शूटिंग, तुमच्याच आकड्यांतून वेगळा प्रश्न निघतो. पहिल्या तीन सामन्यांचा फरक फक्त +१ आहे. उरलेल्या तिघांत +४२. चौथ्या सामन्यापासून असं काय बदललं? आणि जे बदललं त्याचं श्रेय इग्वोडालाला द्यायचं की प्रशिक्षक स्टीव्ह करला?

---

लहान_पाचजण

बदललं ते सुरुवातीचं पंचक. इग्वोडाला त्या मोसमात एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता, कायम बेंचवरून. फायनल्समध्ये २-१ असे मागे पडल्यावर करने सेंटर अँड्र्यू बोगटला बसवलं आणि त्याच्या जागी इग्वोडालाला उतरवलं. कल्पना निक युरेन या मदतनिसाची होती, हे नंतर करनेच सांगितलं.

यामागचं गणित असं. क्लीव्हलँडकडे टिमोफी मॉझगॉव्ह आणि ट्रिस्टन थॉम्पसन असे दोन उंच खेळाडू होते आणि त्यांचा भर आक्रमणातल्या रिबाउंडवर आणि संथ खेळावर होता. बोगट असताना क्लीव्हलँडला त्याला बिनधास्त मोकळं सोडता येई, कारण तो रिंगपासून लांबून शॉट मारत नाही. त्याचा माणूस मग रिंगजवळ थांबून करीची वाट अडवी. पाचही जण बाहेरून खेळू शकणारे उतरवल्यावर ती सोय गेली. मॉझगॉव्हला बाहेर यावं लागलं, नाहीतर कुणीतरी मोकळं राहणार. दुसरा फायदा वेगाचा: रिबाउंड मिळताच पाचांपैकी कुणीही चेंडू घेऊन धावू शकतो.

धोकाही उघड होता. रिंगखाली उंची कमी पडणार. चौथ्या सामन्यात मॉझगॉव्हने २८ गुण काढले ते यामुळेच. तरी क्लीव्हलँड २१ने हरलं! मग प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅटनेही संघ लहान केला आणि पाचव्या सामन्यात मॉझगॉव्ह जेमतेम नऊ मिनिटं खेळला, शून्य गुण. माझ्या मते मालिका तिथे हातची गेली. २८ गुण करणाऱ्या माणसाला बसवून समोरच्याच्या पद्धतीने खेळायला गेले, आणि त्या पद्धतीची माणसं त्यांच्याकडे नव्हतीच.

इग्वोडालाचं स्वतःचं काम दोन बाजूंचं होतं. लेब्रॉनला रोखण्याची मुख्य जबाबदारी त्याची. तो उडी घेऊन ब्लॉक करायच्या मागे लागत नव्हता. लेब्रॉन चेंडू खालून वर नेतो तेव्हा कमरेच्या उंचीवर हात घालायचा, आणि त्याला डावीकडे ढकलून लांबचा उडता शॉट घ्यायला लावायचा. दुसरी बाजू आक्रमणाची. क्लीव्हलँड करीवर दोघे पाठवत होतं, म्हणजे चेंडू मधल्या माणसाकडे आला की पुढे चारांविरुद्ध तिघे. ते मोकळे शॉट इग्वोडालाने आत घातले. मैदानी टक्केवारी ५२, तीनाच्या रेषेबाहेरून ४०.

फ्री थ्रो मात्र विसरा. २८ पैकी १०! पाचव्या सामन्यात ११ पैकी २, क्लीव्हलँड त्याला मुद्दाम फाउल करत होतं. एमव्हीपीच्या नावापुढे इतका केविलवाणा आकडा क्वचितच असेल.

म्हणून माझं मत: पंचकाचं श्रेय करला आणि युरेनला, पण त्या जागी उतरून ते चालवून दाखवणं ही इग्वोडालाची कामगिरी. फायनल्सचे सगळे सामने सुरुवातीपासून न खेळता एमव्हीपी होणारा तो पहिलाच.

---

बॉक्सस्कोअर_वाचक

वरच्या प्रतिसादात एक भर. करीवर दोघे पाठवले म्हणून इग्वोडाला मोकळा राहिला, हे मान्य असेल तर त्या मोकळ्या शॉटचं अर्धं श्रेय करीचं नाही का? बॉक्स स्कोअरमध्ये असं "ओढून नेलेलं" संरक्षण दिसत नाही. करीला शून्य मतं हा मला लेब्रॉनच्या चारपेक्षा मोठा घोळ वाटतो.

---

हैदराबाद_१७५

आपल्याकडे क्रिकेटमुळे या प्रश्नाची सवय वेगळी आहे, म्हणून लिहितो. हरलेल्या संघाचा सामनावीर आपल्याला खटकत नाही. ५ नोव्हेंबर २००९, हैदराबाद: ऑस्ट्रेलिया ३५०, सचिन १७५, भारत तीन धावांनी हरला, सामनावीर सचिन. चेन्नई १९९९: पाकिस्तानविरुद्ध १२ धावांनी हार, सामनावीर १३६ करणारा सचिन. २००३च्या विश्वचषकात ६७३ धावा करून स्पर्धावीरही तोच, अंतिम सामना हरूनसुद्धा. २०२३मध्ये विराट कोहलीचं तेच, ७६५ धावा. यांपैकी कुणाच्या बाबतीत "जिंकलेल्या संघाला का नाही" म्हणून कुणी ओरडलं नाही.

मग बास्केटबॉललाच हा सोवळेपणा कशासाठी?

---

ट्रू_शूटिंग

हैदराबाद_१७५, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत टाकल्या आहेत. २००३ आणि २०२३ हे अख्ख्या स्पर्धेचे पुरस्कार. कोहलीच्या ७६५मधल्या बहुतेक धावा भारताने जिंकलेल्या सामन्यांत आल्या. फायनल्स एमव्हीपी फक्त शेवटच्या मालिकेचा असतो, त्याआधीच्या तीन फेऱ्या त्यात मोजल्या जात नाहीत. आइस हॉकीतली कॉन स्माइथ ट्रॉफी संपूर्ण प्लेऑफची, म्हणून ती हरलेल्यांना अनेकदा गेली आहे: १९६६ रॉजर क्रोझियर, १९६८ ग्लेन हॉल, १९७६ रेजी लीच, १९८७ रॉन हेक्स्टॉल, २००३ जिगेर, २०२४ कॉनर मॅकडेव्हिड. यादीत गोलकीपर किती आहेत बघा. गोलकीपरचं काम वेगळं काढून मोजता येतं.

हैदराबाद आणि चेन्नईची उदाहरणं मात्र चपखल आहेत, आणि तिथे खेळाचा फरक आड येतो. सचिन १७५ करत होता तेव्हा समोरचा फलंदाज त्याच्यामुळे बाद होत नव्हता. बास्केटबॉलमध्ये लेब्रॉनने घेतलेला प्रत्येक शॉट हा दुसऱ्या कुणीतरी न घेतलेला शॉट असतो, आणि चुकला तर समोरच्याला धावत जाऊन सोपी बास्केट मिळण्याची शक्यता वाढते. त्याचे ११८ शॉट चुकले. एकाची धाव आणि संघाची हार यांच्यात क्रिकेटमध्ये जेवढं अंतर ठेवता येतं तेवढं इथे ठेवता येत नाही. एकदिवसीय सामन्यात चेंडू मोजकेच असतात, तिथे हा युक्तिवाद थोडा पातळ होतो हे कबूल.

---

इंगलवूडचे_फुगे

इतर खेळांचा विषय निघालाच आहे तर शब्दाकडेही बघा. एनबीएचा पुरस्कार "सर्वात मोलाचा" खेळाडू निवडतो. अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धेतला, म्हणजे एनसीएएचा, "सर्वात लक्षवेधी" खेळाडू. मोल म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कशासाठी मोल? विजयासाठीच ना? लक्षवेधी ठरायला विजयाची गरज नसते.

महाविद्यालयात याचा परिणामही दिसतो. १९५७: कॅन्सस तिहेरी अतिरिक्त वेळेनंतर नॉर्थ कॅरोलायनाकडून ५४-५३ हरलं, पुरस्कार विल्ट चेंबरलेनला. १९५८: सिएटल केंटकीकडून ८४-७२ हरलं, पुरस्कार एल्जिन बेलरला. १९५९: वेस्ट व्हर्जिनिया कॅलिफोर्नियाकडून ७१-७० हरलं, पुरस्कार जेरी वेस्टला. लागोपाठ तीन वर्षं, तीन हरलेले. दहा वर्षांनी हे तिघेही एकाच संघात होते: १९६९चे लेकर्स! वेस्टला तर हरून मिळालेला मोठा पुरस्कार दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

शेवटचा असा मान १९८३चा, ह्यूस्टनच्या अकीम ओलाजुवानचा, नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून ५४-५२ हरल्यावर. त्यानंतर तिथेही बंद. म्हणजे शब्द तोच राहिला, मतदारांची सवय बदलली.

बेसबॉलमध्ये एकच: १९६०, यांकीजचा बॉबी रिचर्डसन, आणि त्या मालिकेतही हरलेल्या यांकीजच्या एकूण धावा पिट्सबर्गच्या दुपटीहून जास्त होत्या. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलमध्येही एकच: जानेवारी १९७१, डॅलसचा चक हाउली, सामना १६-१३ने गेला, तोही शेवटच्या क्षणांतल्या फील्ड गोलवर. वेस्ट, रिचर्डसन, हाउली, तिघांत एक सारखेपणा आहे: हार शेवटच्या क्षणाची.

---

दुखरा_घोटा

अगदी हाच निकष लावला तर १९८८चा आयझेया थॉमस आठवायला हवा. डेट्रॉइट लेकर्सकडून ४-३ हरलं. सहाव्या सामन्यात मुरगळलेल्या घोट्यावर त्याने एकट्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये २५ गुण केले, सामन्यात ४३. एक मिनिट राहिलं असताना डेट्रॉइट १०२-९९ असं पुढे होतं. १४ सेकंद बाकी असताना डेट्रॉइटच्या बिल लँबीयरवर फाउल दिला गेला, लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारने दोन्ही फ्री थ्रो आत घातले, १०३-१०२. तो फाउल होता असं मानणारा डेट्रॉइटमध्ये एकही माणूस सापडणार नाही. सातवा सामना १०८-१०५.

मालिकेचा एकूण गुणफरक काढा, डेट्रॉइटच्या बाजूने: +१२, -१२, -१३, +२५, +१०, -१, -३. बेरीज +१८. वेस्टच्या लेकर्सपेक्षाही जास्त!

---

बॉक्सस्कोअर_वाचक

दुखरा_घोटा, बेरीज बरोबर आहे पण आयझेया त्यात बसत नाही. सहावा सामना अलौकिक, हे निर्विवाद. पण सातव्यात सुजलेल्या घोट्याने त्याचे दहाच गुण झाले आणि मालिकेची सरासरी २०च्या खालीच राहिली. समोर जेम्स वर्दीने सातव्या सामन्यात ३६ गुण, १६ रिबाउंड, १० असिस्ट केले. म्हणजे संघाची हार निसटती होती, पण विजेत्यांकडे एक ठळक नाव होतं आणि हरलेल्याच्या खात्यावर एकच थोर रात्र.

बाकीची उदाहरणं याच चाळणीतून पटापट जातात. अ‍ॅलन आयव्हर्सन २००१: ३५.६ गुण, पहिल्या सामन्यात ४८ करून लेकर्सला हरवलं, पण मालिका ४-१ आणि समोर शकील ओ'नील ३३ गुण व जवळपास १६ रिबाउंडवर. विषय संपला. लेब्रॉन २०१७: ट्रिपल-डबलची सरासरी, ३३.६-१२-१०, पण ४-१ आणि समोर ड्युरँटचे ३५.२. जिमी बटलर २०२०: दोन सामने एकट्याच्या जिवावर जिंकले, एकात ४०-११-१३ आणि दुसऱ्यात ३५-१२-११, पण ४-२ आणि समोर लेब्रॉन. रिक बॅरी १९६७ला ४०.८च्या सरासरीने हरला, बेलर १९६२ला ४०.६ने हरला, त्यात एका सामन्यात ६१. दोघांच्या वेळी पुरस्कारच नव्हता. बेलरची मालिका सातव्या सामन्यात अतिरिक्त वेळेपर्यंत गेली होती. पण तिथे रसेलसारखं ठळक नाव समोर होतं, तेव्हा तिथेही अवघडच.

जाता जाता: २००९पासून या पुरस्काराला बिल रसेलचं नाव आहे. त्याने ११ विजेतेपदं मिळवली, पण पुरस्कार सुरू झाला तो त्याच्या शेवटच्या मालिकेत, आणि तेव्हाही तो वेस्टला गेला. स्वतःच्या नावाचा पुरस्कार रसेलला एकदाही मिळालेला नाही.

---

तिसरा_क्वार्टर

वेस्टबद्दल आता शंका राहिली नाही. लेब्रॉनबद्दल मी ४३वर अडलोय. पण बॉक्सस्कोअर_वाचक, एका नावाऐवजी तीन पसंतीक्रम असते तर २०१५चा निकाल खरंच बदलला असता का? तसं असेल तर पात्र कोण हा प्रश्न बाजूलाच राहतो.

---

बॉक्सस्कोअर_वाचक

दुसऱ्या पसंती कुणी लिहिल्याच नव्हत्या, म्हणून दोन कल्पित मांडण्या करून बघू.

मांडणी पहिली: इग्वोडालाच्या सातही मतदारांनी लेब्रॉनला दुसरा ठेवला आणि लेब्रॉनच्या चारांनी इग्वोडालाला दुसरा. ३-२-१ गुण दिले तर इग्वोडाला २१+८=२९, लेब्रॉन १२+१४=२६. निकाल तोच.

मांडणी दुसरी: सात जण तसेच, पण लेब्रॉनचे चार मतदार करीला दुसरा आणि इग्वोडालाला तिसरा ठेवतात. ३-२-१ने इग्वोडाला २१+४=२५, लेब्रॉन २६. पुरस्कार लेब्रॉनला.

आता याच दुसऱ्या मांडणीला मोसमाच्या एमव्हीपीचे १०-७-५ लावा. इग्वोडाला ७०+२०=९०, लेब्रॉन ४०+४९=८९. पुरस्कार पुन्हा इग्वोडालाला. मतपत्रिका त्याच, एकही नाव हललेलं नाही.

---

लहान_पाचजण

आणि दोन्ही पद्धतींत त्या चौघांनी इग्वोडालाला तिसराही ठेवला नाही, तर लेब्रॉन जिंकतो: २६-२१ किंवा ८९-७०. म्हणजे पसंतीक्रम आणले की आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला यादीतूनच उडवण्याचा मोह आला. अकरा मतदारांत चार जणांनी तसं केलं की खेळ खल्लास. एका नावाच्या मतपत्रिकेत ही भानगड तरी नाही.